फुटबॉल क्लबांची नावं आणि टोपणनावं येतात तरी कुठनं?

कोपऱ्यातला_झेंडा

मंडळी, मॅच बघताना कॉमेंट्रीवाले सारखं गनर्स, हॅमर्स, टॉफीज, आउल्स असं काय काय म्हणत असतात आणि ऐकून ऐकून आपणही म्हणायला लागतो, पण ही नावं आली कुठनं हे मला तरी धड माहीत नाही. त्यात गावांच्या नावांचा वेगळाच घोळ. लिव्हरपूल, लीड्स, न्यूकॅसल ठीक आहे, गावाचं नाव क्लबला. पण आर्सेनल नावाचं गाव कुठाय? क्रिस्टल पॅलेस हे काय गावाचं नाव झालं? शेफील्ड वेन्सडे म्हणजे तर कहर, बुधवार कशाला घातला नावात? आणि नकाशा उघडला तर चेल्सीचं ग्राउंड चेल्सीत नाहीच, ते आहे फुलहॅममध्ये, आणि फुलहॅम नावाचा क्लब तर वेगळाच आहे.

शोधलं की पन्नास क्लब आणि त्यांची पन्नास टोपणनावं अशी यादी हातात पडते, ती नकोय. नाव कोण ठेवतं, कधी पडतं, एकदा पडलं की बदलतं का, ह्याबद्दल कुणाला माहिती असेल तर जरा सविस्तर लिहा. घाई नाही.

डावा_पाय

हे कळायचं तर क्लब काढले कुणी हे आधी बघायला लागतं. इंग्लंडमधले बहुतेक जुने क्लब कुणा शेठने काढलेले नाहीत, ते कारखान्यातल्या कामगारांनी, चर्चच्या मंडळींनी, शाळेतल्या पोरांनी नाहीतर आधीपासून चालू असलेल्या क्रिकेट क्लबने काढलेत. मग नाव पण तिथलंच.

आर्सेनल घे. १८८६ साली लंडनच्या वूलिचमध्ये रॉयल आर्सेनल म्हणून सरकारी दारूगोळ्याचा कारखाना होता, तोफा बनवायचे तिथे, त्यातल्या डायल स्क्वेअर नावाच्या वर्कशॉपमधल्या कामगारांनी टीम काढली. आधी नाव डायल स्क्वेअर, मग रॉयल आर्सेनल, मग वूलिच आर्सेनल. तोफा बनवणारे म्हणून गनर्स, सरळ हिशेब. तो लाल रंग पण त्यांचा स्वतःचा नाही, नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्यांना सुरुवातीला लाल जर्सी दिल्या होत्या, तोच टिकला. आणि गंमत म्हणजे १९१३ ला क्लब थेम्स ओलांडून पार उत्तर लंडनला हायबरीला गेला, वूलिच नावातनं गळालं, आर्सेनल तेवढं राहिलं. म्हणजे कारखाना नदीच्या त्या बाजूला, क्लब ह्या बाजूला, आणि नाव कारखान्याचं. त्यापुढची कडी म्हणजे १९३२ ला तिथलं गिलेस्पी रोड नावाचं ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे) स्टेशन बदलून आर्सेनल केलं, मॅनेजर हर्बर्ट चॅपमनने त्यासाठी बराच पाठपुरावा केला होता. तू विचारतोयस ना आर्सेनल नावाचं गाव कुठाय, तर गाव नाही पण स्टेशन आहे, आणि ते क्लबने स्वतःच्या नावावरनं करून घेतलंय.

वेस्ट हॅम पण तसंच. हॅमर्स हे हॅमवरनं आलं असं बऱ्याच जणांना वाटतं, ऐकायला जुळतं पण. खरं तर क्लब १८९५ ला थेम्स आयर्नवर्क्स नावाने निघाला, जहाजं बांधायचा कारखाना होता. लोगोवर जे दोन हातोडे आहेत ते रिव्हेट ठोकायचे आहेत, जहाजाच्या पत्र्यांना. १९०० ला वेस्ट हॅम युनायटेड असं नाव केलं. जुने फॅन अजून कम ऑन यू आयर्न्स म्हणून ओरडतात, त्यात तर हॅमचा काही संबंधच नाही, नुसतं लोखंड. कारखाना १९१२ ला बंद पडला, पण हातोडे आहेत अजून छातीवर.

बाकी मग लूटन हॅटर्स म्हणजे टोप्या बनवणारे, नॉर्दॅम्प्टन कॉब्लर्स म्हणजे जोडे शिवणारे, स्टोक पॉटर्स म्हणजे कुंभार, वॉल्सॉल सॅडलर्स म्हणजे घोड्याची खोगिरं करणारे, शेफील्ड युनायटेड ब्लेड्स म्हणजे सुऱ्या-कात्र्या. त्या त्या गावाचा धंदा काय होता ते टोपणनावात आहे.

राहिला बुधवार. शेफील्डमध्ये १८२० पासून द वेन्सडे नावाचा क्रिकेट क्लब होता, त्या मंडळींना बुधवारी अर्धी सुट्टी असायची म्हणून खेळ बुधवारी. १८६७ ला त्यांनी हिवाळ्यात काहीतरी हवं म्हणून फुटबॉल सुरू केला. बाकी देशात अर्धी सुट्टी शनिवारची होती, १८५० च्या कायद्याने गिरण्यांमध्ये बायकांना आणि पोरांना शनिवारी दुपारी २ नंतर कामाला ठेवायला बंदी आली, आणि शनिवारी दुपारी ३ ची मॅच हा जो इंग्लिश फुटबॉलचा मुहूर्त आहे तो असा कामगारांच्या सुट्टीतनंच बसला. शेफील्डचं नाव मात्र बुधवारचं राहिलं. अधिकृतपणे शेफील्ड वेन्सडे तर १९२९ ला झालं, त्याआधी नुसतं द वेन्सडे.

नकाशेवाली

डाव्या पायाने धंद्यांचं छान सांगितलं, मी नकाशाचं सांगते कारण माझा तोच किडा आहे.

चेल्सीचं उत्तर एकदम व्यवहारी आहे. स्टॅमफर्ड ब्रिजचं ग्राउंड आधी होतं, क्लब नंतर आला. गस मिअर्स म्हणून बिझनेसमन होता, त्याने जागा घेतली आणि फुलहॅम क्लबला म्हटलं तुम्ही या इथे खेळायला, भाड्यावरनं काही जमलं नाही, मग त्याने १९०५ मध्ये स्वतःचाच क्लब काढला. आता जागा फुलहॅममध्ये पण फुलहॅम नाव तर घेतलेलं, म्हणून शेजारच्या भागाचं नाव, चेल्सी. आणि चेल्सीचं पहिलं टोपणनाव ब्लूज नव्हतं, पेन्शनर्स होतं. चेल्सीत रॉयल हॉस्पिटल आहे, निवृत्त सैनिक राहतात तिथे, लाल कोट घालून. १९५२ ला टेड ड्रेक मॅनेजर म्हणून आला तेव्हा त्याला हे म्हाताऱ्यांचं नाव अजिबात पटलं नाही, त्याने काढून टाकायला लावलं. तीन वर्षांत लीग जिंकली त्यांनी, आता ते नावामुळे म्हणायचं का हे ज्याने त्याने ठरवा 😄

आणि स्टॅमफर्ड ब्रिज म्हणजे १०६६ च्या लढाईवालं नव्हे बरं का, ते यॉर्कशायरमध्ये. इथे एक ओढा होता, तो पायी ओलांडायच्या रेताड जागेवरच्या पुलावरनं नाव आलंय.

माझा सगळ्यात लाडका किस्सा नॉटिंगहॅमचा. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या ग्राउंडचं नाव सिटी ग्राउंड, आणि ते सिटीत नाही. ट्रेंट नदीच्या पलीकडे वेस्ट ब्रिजफर्डमध्ये आहे, शहराच्या हद्दीबाहेर. नदीच्या अलीकडे शहराच्या हद्दीत कोण आहे तर नॉट्स काउंटी (काउंटी म्हणजे जिल्हा). म्हणजे काउंटीवाला सिटीत आणि सिटी ग्राउंडवाला सिटीबाहेर, मध्ये एक नदी. नॉटिंगहॅमला शहराचा दर्जा १८९७ ला मिळाला आणि फॉरेस्टवाले १८९८ ला तिथे गेले, त्या कौतुकात ते नाव पडलं. बरं फॉरेस्टमधलं जंगल पण रॉबिन हूडचं समजू नका, सरळ तसं नाहीये, फॉरेस्ट रिक्रिएशन ग्राउंड नावाचं मैदान होतं तिथे ते आधी खेळायचे. मैदानाचं नाव शेरवुडच्या जंगलावरनं, म्हणजे फिरून तिथेच आलं म्हणा.

असे बरेच आहेत. मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड मँचेस्टर शहराच्या हद्दीत नाही, ट्रॅफर्डमध्ये आहे (मँचेस्टर सिटीवाले हे दोघांच्या दर मॅचला ऐकवतात). ग्रिम्सबी टाउन क्लीथॉर्प्समध्ये खेळतं. स्कॉटलंडमधलं पार्टिक थिसल १९०९ पासून पार्टिकमध्ये नाही, मेरीहिलमध्ये आहे. आणि रेथ रोव्हर्स तर कहर, रेथ नावाचं गावच नाही. क्लब आहे कर्कॉडीचा, रेथ ही तिथली जमीनदारी. एकदा ते जिंकले तेव्हा टीव्हीवर आज रेथच्या रस्त्यांवर लोक नाचत असतील असं कुणीतरी म्हणून गेलं, ते अजून चेष्टेचा विषय आहे.

गावांच्या नावांचा अर्थ काढत बसलं की आणखी मजा. हॅम, टन, विच ही शेपटं जुन्या इंग्लिशमधली. टन म्हणजे वाडी, शेतवस्ती. एव्हर्टन म्हणजे रानडुकरांची वाडी. वेस्ट हॅम, फुलहॅममधलं हॅम म्हणजे नदीच्या वळणातली किंवा पाण्याने वेढलेली जमीन, फुलहॅम ही बहुधा फुला नावाच्या माणसाची. (हो, फुला. हसू नका.) वुल्व्हरहॅम्प्टनला लांडग्यांचं काही नाही, वुल्फरुन नावाच्या बाईंवरनं आलंय ते, राजा एथेलरेडने ९८५ साली त्यांना तिथली जमीन लिहून दिली होती. हजार वर्षांनी नावाचा शॉर्टकट होऊन वुल्व्ह्ज झालं, आणि लोगोवर लांडगा आला. बाईंना कुणी विचारलं नाही.

कोपऱ्यातला_झेंडा

अरे बापरे, हे भारीच आहे. नॉटिंगहॅमचं मला अजिबात माहीत नव्हतं.

मग प्राण्यांचं सगळं असंच आहे का? घुबड, गरुड, काळी मांजर, सैतान वगैरे. आणि ती एव्हर्टनची टॉफी राहिलीच.

बाकावरचा_बारावा

प्राण्यांबाबतीत माझं मत जरा कडू आहे. निम्मे प्राणी आधी नाव, मग चित्र, मग गोष्ट ह्या क्रमाने आलेत, आणि आपल्याला उलट सांगितलं जातं.

शेफील्ड वेन्सडेचं घुबड. क्लब १८९९ ला आउलर्टन नावाच्या भागात गेला, ऐकायला आउल आलं म्हणून आउल्स. आणि आउलर्टनचा घुबडाशी संबंधच नाही, ते ऑल्डर नावाच्या झाडावरनं आलंय, स्थानिक बोलीत त्याचा उच्चार तसा. म्हणजे वुल्व्ह्जसारखंच, कानाला जुळलं की लोगोवर चढलं.

लिव्हरपूलचा पक्षी बघा. गावाचं नाव गढूळ, दाट पाण्याच्या खाडीवरनं आलंय. शहराच्या जुन्या शिक्क्यावर सेंट जॉनचा गरुड होता, तो शिक्का १६४४ च्या वेढ्यात हरवला, पुढे ज्यांनी नवीन काढला त्यांना गरुड काही जमला नाही, तो पाणकावळ्यासारखा दिसायला लागला, मग त्याचंच नाव लिव्हर बर्ड. चित्र बिघडलं म्हणून पक्षी तयार झाला आणि आज जगभर लोक तो अंगावर गोंदवून घेतात.

क्रिस्टल पॅलेसचा गरुड तर चक्क उसना आहे. क्रिस्टल पॅलेस म्हणजे १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी हाइड पार्कात उभी केलेली काच आणि लोखंडाची इमारत, नंतर सोडवून दक्षिण लंडनला सिडनम हिलवर नेली, त्या परिसराला तेच नाव पडलं. १९०५ ला तिथे क्लब निघाला, तेव्हा नाव ग्लेझियर्स, काचा बसवणारे. १९३६ ला इमारत जळून खाक झाली तरी नाव ग्लेझियर्सच. मग १९७३ ला माल्कम ॲलिसन मॅनेजर आला, त्याने पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबचा गरुड बघितला आणि म्हणाला आपण पण ईगल्स. जर्सी पण बदलली, बार्सिलोनासारखे लाल-निळे पट्टे. माझ्या मते ग्लेझियर्स हे इंग्लिश फुटबॉलमधलं सगळ्यात देखणं नाव होतं आणि ते घालवून जगात शंभर ठिकाणी असलेला गरुड आणला. असो.

रेडिंगचं पण तेच. हंटली अँड पामर्सचा बिस्किटांचा मोठा कारखाना होता म्हणून बिस्किटमेन म्हणायचे, १९७० च्या दशकात तिथलं उत्पादन बंद झालं आणि नाव बदलून रॉयल्स केलं, का तर बर्कशायर ही रॉयल काउंटी. बिस्किटं गेली, राजेशाही आली. सांगा आता कुठलं लक्षात राहतं.

मँचेस्टर युनायटेडचं रेड डेव्हिल्स हे मुळात त्यांचं नाहीच, शेजारच्या सॅलफर्डच्या रग्बी टीमचं आहे. ते १९३४ ला फ्रान्सच्या दौऱ्यावर गेले होते, तिथल्या लोकांनी लाल सैतान म्हटलं. युनायटेडचा मॅनेजर मॅट बझ्बीला नाव आवडलं, १९६० च्या दशकात त्याने ते युनायटेडला घेतलं. त्याआधी बझ्बी बेब्ज म्हणजे बझ्बीची पोरं म्हणायचे, पण १९५८ च्या म्युनिकच्या विमान अपघातात त्यातली कित्येक गेल्यावर ते नाव घेणं कुणाला शक्य होतं.

सगळेच खोटे नाहीत. नॉर्विचचे कॅनरी खरे आहेत. १६ व्या शतकात नेदरलँड्सकडनं विणकर तिकडे आले, त्यांनी पिंजऱ्यात कॅनरी पाळायचा नाद आणला, शहरात त्या पक्ष्यांची पैदास करणारे पुष्कळ होते, मग नाव आधी पडलं आणि त्यानंतर १९०७ ला पिवळी-हिरवी जर्सी आली. सुंदरलंडच्या काळ्या मांजरीच्या मागे वेअर नदीच्या मुखावरच्या तोफखान्याचं जुनं नाव आहे, पण अधिकृत झालं ते २००० साली फॅन्सची मतं घेऊन, कारण १९९७ ला रोकर पार्क हे जुनं ग्राउंड सोडलं आणि रोकराइट्स म्हणायला काही अर्थच उरला नाही.

आणि टॉफी. एव्हर्टन भागात टॉफीचं एक जुनं दुकान होतं, मा बुशेलचं. क्लब आधी ॲनफिल्डवर खेळायचा (हो, लिव्हरपूलच्याच ॲनफिल्डवर, भाड्यावरनं आणि राजकारणावरनं भांडण झालं म्हणून १८९२ ला ते सोडून गेले आणि रिकाम्या ग्राउंडसाठी लिव्हरपूल क्लब जन्माला आला). तर गुडिसनला गेल्यावर गोष्ट अशी सांगतात की नवीन ग्राउंडजवळ मदर नोब्लेट्सचं दुकान होतं, त्यांनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मिंटच्या गोळ्या काढल्या आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. बुशेलबाईने मग नातीला सजवून ग्राउंडवर पाठवलं टॉफ्या वाटायला. नातीचं किती खरं किती खोटं देव जाणे, पण मॅचच्या आधी टॉफी लेडी प्रेक्षकांत गोळ्या फेकत फिरते ही प्रथा मात्र खरी आहे.

डावा_पाय

बाराव्या, तुझा राग कळतो पण मॅनेजरने आणलेलं नाव खोटं आणि गावाने दिलेलं खरं असं नाही करता येणार. बझ्बीने उचललं, ॲलिसनने उचललं, तरी शेवटी स्टेडियममध्ये ओरडणाऱ्यांनी ते घेतलं म्हणून टिकलं ना. पॅलेसच्या फॅनला विचार ग्लेझियर्स परत आणू का, मारेल तुला.

लोकांनी नाही घेतलं तर काय होतं त्याचं उदाहरण हल सिटी. काळे-केशरी पट्टे म्हणून टायगर्स म्हणतातच त्यांना, पेपरवाल्यांनी पाडलेलं जुनं नाव. मालक असेम अल्लामला वाटलं हल सिटी हे फार साधं आहे, जगभर विकायचं तर हल टायगर्स हवं. फॅन्सनी आकाशपाताळ एक केलं, आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, अर्ज फेटाळला. बघ, टायगर्स नावावर कुणाचाच आक्षेप नव्हता, रोज तेच ओरडत होते, पण टोपणनाव उचलून दारावरच्या पाटीवर लावायला गेलास की मग ते आपलं राहत नाही. कार्डिफला तर ब्लूबर्ड्स म्हणतात आणि मालकाने २०१२ ला जर्सी लाल केली. निळा पक्षी लाल कपड्यात. २०१५ ला परत निळी करायला लागली.

पेनल्टीचा_धसका

तुम्ही सगळे इंग्लंडमध्येच अडकलात. शिव्यांमधनं आलेली नावं कुणी सांगणार का नाही, ती खरी मजा!

बार्सिलोनाच्या फॅन्सना कुलेस म्हणतात, कातालान भाषेत कुल म्हणजे ढुंगण. १९०९ पासून ते कारेर दे ला इंडस्ट्रियाच्या छोट्या ग्राउंडवर खेळायचे, गर्दी व्हायची, लोक मागच्या भिंतीवर चढून बसायचे आणि रस्त्यावरनं जाणाऱ्याला ओळीने नुसती ढुंगणं दिसायची. नाव पडलं ते पडलंच, आज क्लब स्वतः अभिमानाने वापरतो. अॅटलेटिको माद्रिद म्हणजे कोल्चोनेरोस, गादीवाले, कारण स्पेनमध्ये गाद्यांच्या खोळी तेव्हा तशाच लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या असायच्या.

पण ह्या बाबतीत अर्जेंटिनाचा हात कुणी धरू शकत नाही. रिव्हर प्लेटला १९३० च्या दशकात महागडे खेळाडू घेतले म्हणून मिल्योनारिओस म्हणायचे, छान चाललं होतं. १९६६ ची कोपा लिबर्तादोरेसची (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा) फायनल, सॅंटियागोमध्ये उरुग्वेच्या पेन्यारोलविरुद्ध, २-० ने पुढे होते आणि एक्स्ट्रा टाइममध्ये ४-२ ने हरले. पुढच्या मॅचला समोरच्या बानफिल्ड क्लबच्या लोकांनी मैदानात पांढरी कोंबडी सोडली, लाल पट्टा लावून, रिव्हरच्या जर्सीसारखा. तेव्हापासून गायिनास, म्हणजे कोंबड्या. पन्नासहून जास्त वर्षं झाली, आता रिव्हरचे फॅन स्वतःच कोंबडीचे मुखवटे घालून येतात.

बोका ज्युनियर्सचं शेनेइझेस हे सभ्य, म्हणजे जेनोआवाले, कारण ला बोका बंदरात इटलीच्या जेनोआहून आलेले लोक राहायचे. त्यांचं असभ्य नाव बोस्तेरोस, शेणवाले. आणि रोसारियो शहरात तर कमाल आहे, कुष्ठरोग्यांच्या मदतीसाठी दोन क्लबांची मॅच ठरली होती, नेवेल्स ओल्ड बॉइज खेळायला तयार झाले म्हणून त्यांना लेप्रोसोस म्हणजे महारोगी, आणि रोसारियो सेंट्रलने नकार दिला म्हणून ते कानायास म्हणजे हरामखोर. चांगलं काम करणाऱ्याला पण शिवी आणि न करणाऱ्याला पण शिवी. दोघंही आपापलं नाव छातीवर मिरवतात. मेस्सी लहानपणी नेवेल्सचा, म्हणजे तो लेप्रोसो.

इंग्लंडमधलं एक सांगतोच. हार्टलपूलवाल्यांना मंकी हँगर्स म्हणतात. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात किनाऱ्यावर एक फ्रेंच जहाज फुटलं, त्यातनं फक्त एक माकड जिवंत आलं, सैनिकाचा ड्रेस घातलेलं, गावकऱ्यांनी आयुष्यात फ्रेंच माणूस बघितला नव्हता, त्यांना वाटलं हेर आहे, आणि दिलं फासावर. ह्याला पुरावा शून्य, एका जुन्या गाण्यातनं पसरलेली गोष्ट आहे. आधी बाहेरचे चिडवायचे. मग क्लबने काय केलं तर माकडाचाच मॅस्कट केला, हँगस द मंकी. आणि २००२ ला त्या माकडाच्या पोशाखातला माणूस, स्टुअर्ट ड्रमंड, महापौरपदाला उभा राहिला, आश्वासन काय तर शाळेतल्या पोरांना फुकट केळी. निवडून आला! नुसता आला नाही, त्यानंतर आणखी दोनदा आला.

नकाशेवाली

माकड महापौर 😂😂 हे ऐकून होते पण तीनदा निवडून आला हे आजच कळलं.

हसून झालं असेल तर एक गंभीर विषय, गावच उठून गेलं तर? विम्बल्डनचं. १९८८ ला एफए कप जिंकलेला क्लब, टोपणनाव डॉन्स, विम्बल्डनमधलंच. मालकांनी ठरवलं की सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला न्यायचा, २००२ ला परवानगी मिळाली, २००३ ला गेले, २००४ ला नाव मिल्टन कीन्स डॉन्स. फॅन्सनी २००२ मध्येच स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन, पार खालच्या डिव्हिजनपासनं सुरुवात केली आणि चढत चढत प्रोफेशनल लीगमध्ये आले. २००७ ला मिल्टन कीन्सवाल्यांनी जुन्या ट्रॉफ्या विम्बल्डन लंडनच्या ज्या बरोमध्ये (पालिकेच्या विभागात) येतं त्या मर्टनला परत दिल्या. पण डॉन्स काही सोडलं नाही. २०२० ला एएफसी विम्बल्डन प्लाउ लेनला परत आलं, जुन्या ग्राउंडपासून अगदी जवळ. इथे मी बाराव्याच्या बाजूने, ज्या गावातनं नाव उचललं ते गावच सोडलं तर ते नाव पण खाली ठेवा.

गावाचं नाव कुठल्या भाषेत लिहायचं ह्यावर पण राजकारण झालंय. मिलान हा क्लब १८९९ ला इंग्रजांनी काढला म्हणून गावाला मिलानो म्हणत असले तरी क्लब मिलान. जेनोआ पण तसंच, १८९३ चा, इटालियनमध्ये गाव जेनोव्हा. मुसोलिनीच्या काळात दोघांना इटालियन नावं घ्यायला लावली, आणि इंटरनॅझिओनाले (आपण इंटर मिलान म्हणतो ते) म्हणजे आंतरराष्ट्रीय, हे नाव तर त्या राजवटीला कसं चालणार, १९२८ ला त्याचं अँब्रोसियाना केलं, मिलानच्या संत अँब्रोजवरनं. तिघांनीही नंतर जुनी नावं परत घेतली. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोने अॅथलेटिक बिल्बाओचं इंग्लिश अॅथलेटिक काढून अॅटलेटिको केलं होतं, ते १९७२ ला परत आलं.

कोपऱ्यातला_झेंडा

डॉन्सच्या बाबतीत मी पण ताईंच्या बाजूने. एक शेवटचं विचारतो, जर्मनीतल्या बायर लेव्हरकुसेनचं काय? आर्सेनलसारखंच कारखान्याचं नाव आहे ना, बायर म्हणजे तीच औषधांची कंपनी?

डावा_पाय

हो तीच बायर. १९०३ ला कंपनीतल्या जवळपास १७० कामगारांनी सह्या करून पत्र दिलं की आम्हाला खेळायला क्लब पाहिजे, १९०४ ला निघाला. अजून वेर्क्सएल्फ म्हणतात त्यांना, म्हणजे कारखान्याची टीम. बाहेरचे टोमणा म्हणून म्हणायचे, आता क्लब स्वतःच वापरतो, धसक्याच्या यादीत घाल.

पण आर्सेनलपेक्षा इथलं पुढचं आहे. आर्सेनलने स्टेशनचं नाव बदललं, इथे अख्खं गावच कारखान्यातनं निघालंय. कार्ल लेव्हरकुस नावाचा केमिस्ट होता, त्याने १८६० च्या दशकात ऱ्हाइनच्या काठी वीसडॉर्फला निळा रंग बनवायचा कारखाना टाकला आणि कामगारांच्या वस्तीला लेव्हरकुसेन नाव दिलं. १८९१ ला कारखाना बायरने विकत घेतला, आणि १९३० ला आजूबाजूची गावं एकत्र करून जे शहर झालं त्याला हेच नाव ठेवलं. म्हणजे क्लब शहरापेक्षा २६ वर्षांनी मोठा आहे. आणि लेव्हरकुस हे आडनाव कुठनं आलं तर लेनेपजवळ लेव्हरकुसेन नावाची एक छोटी वाडी आहे, घराणं मूळचं तिथलं. ताई, नकाशावर शोध, रेमशाइड शहराच्या हद्दीत आहे ती आता.